ट्विन की ट्वाइन

मला इंग्रजी येतं. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं ऐकल्यावर तुम्ही म्हणाल, या बाईला काही येत नव्हतं. येत होतं. बारावी झालेय माझी. आता ती बीड जिल्ह्यातल्या अशा कॉलेजातून झाली, जिथे सर धडा मराठीतून समजावून सांगायचे आणि आम्ही गाइडमधली उत्तरं पाठ करायचो, ही गोष्ट वेगळी. पण लग्न होऊन भोसरीला आले, चाकणच्या कंपनीत लागले, आणि सोळा वर्षं झाली, इंग्रजी कागद वाचून तो मराठीत फळ्यावर उतरवणं हे माझं काम आहे. सोळा वर्षांत एक चूक झाली. एकच. आणि ती चूक तरी धड चूक होती का, यावर मी आजही भांडायला तयार आहे. चुकीनंतर मी जे केलं, त्यावर मात्र भांडता येत नाही.

आमची कंपनी हार्नेस बनवते. गाडीच्या पोटातून दिव्यापर्यंत, हॉर्नपर्यंत ज्या वायरी जातात, त्यांचा बांधलेला जुडगा म्हणजे हार्नेस. शेडमध्ये सगळ्यात शेवटचं टेबल पॅकिंगचं. लांबलचक स्टीलचं टेबल, आठ बायका, एका टोकाला पांढरा फळा आणि फळ्याजवळ मी, डोक्यावर लाइन लीडरची हिरवी टोपी. ज्या गाडीवाल्या कंपनीला आम्ही माल देतो, तिच्याकडून कागद येतो तो इंग्रजीत. टेबलावरच्या बायका कोण लातूरची, कोण जळगावची, कोण सिंधुदुर्गातली. त्यांनी तो कागद वाचावा अशी कोणाची अपेक्षाही नसते. मी वाचायचं, मी मराठीत लिहायचं, आणि फळ्यावर जे लिहिलं तोच कायदा. तो थाट मला आवडायचा, खोटं कशाला बोलू.

टेबलाच्या दुसऱ्या टोकाला मावशी. सगळ्यांचीच मावशी, माझी एकटीची नव्हे. आम्ही सगळ्या बाहेरून आलेल्या, ती मात्र इथलीच, चाकणजवळच्या जुन्या गावातली. तिच्या सासरचं वावर आमच्या कंपनीच्या मागच्या भिंतीला लागून होतं. आता तिथे दुसऱ्या कंपनीची पार्किंग आहे. नवरा गेलेला, लेक राजगुरुनगरला दिलेली, घरात ही एकटी. ठेकेदारामार्फत कामाला होती, म्हणजे ठेकेदाराच्या सुपरवायझरने मान हलवली की गेट बंद. हे काम गेलं तर या वयात तिला दुसरं कोणी दारात उभं करणार नव्हतं, आणि हे तिला माहीत होतं. म्हणून ती कधी उशिरा यायची नाही, कधी दांडी मारायची नाही. तोंड मात्र तिचं कोणाच्या बापाला भ्यायचं नाही.

पहिल्या दिवशी मी तिला सांगितलं, मावशी, याला हार्नेस म्हणतात. ती म्हणाली, "म्हंजी काय?"

मी म्हटलं, "इंग्रजीत घोड्याच्या सामानाला पण हार्नेसच म्हणतात."

"आगं मंग आसं सांग की! जुपायचं सामान हाय व्हय. त्यात मला काय शिकवती?"

आणि खरंच काही शिकवावं लागलं नाही. दोरी हातात आली की मावशीचे हात आपोआप चालायचे. आमच्यासाठी सगळी दोरीच. तिच्यासाठी गुराच्या गळ्यात असतं ते दावं, हातात धरायचा तो कासरा, बैलाच्या नाकातून जाते ती वेसण, मोटेला लागायचा तो नाडा, आणि गवताचा भारा बांधायचं ते चऱ्हाट. एकीला दुसरीच्या नावाने हाक मारली तर ती चिडायची. तिची एक गाठ होती, गोठ्यातून आणलेली. बैलाने कितीही ओढलं तरी सुटायची नाही, आणि आपण एक शेपूट ओढलं की फटकन मोकळी. टेबलावरच्या दुसऱ्या कोणालाही ती जमायची नाही. मी तर महिनाभर खटपट करून नाद सोडला.

मग एका सोमवारी नवा कागद आला. तोपर्यंत आम्ही हार्नेस प्लास्टिकच्या टायने बांधायचो. त्या टायचं कापलेलं टोक धारदार राहतं आणि वायरीचं आवरण खरवडतं, म्हणून आता मऊ सुती दोरी आली होती. स्टोअरमधून पांढऱ्या दोरीचे गुंडे टेबलावर येऊन पडलेच होते. कागदावर एकच ओळ होती: टाय ईच हार्नेस विथ, मग एक शब्द, मग ॲट टू पॉइंट्स. तो मधला शब्द म्हणजे टी, डब्ल्यू, आय, एन, ई.

रोप मला माहीत होता. कॉर्ड, स्ट्रिंग, स्ट्रॅप, थ्रेड, सगळे भेटलेले. हा पाव्हणा नवा होता. पण मी अडले का? छे! मी वाचलं, ट्विन. आता सांगा, पिंपरी-चिंचवडमध्ये राहणाऱ्या माणसाने दुसरं काय वाचावं? शहराचं नावच जोडीचं, पेपरवाले त्याला जुळं शहर म्हणतात. माझी नणंद पिंपळे सौदागरला राहते, तिच्या सोसायटीसमोर एवढाल्या अक्षरांत बोर्ड: ट्विन टॉवर. वाटेत आणखी एक: ट्विन बंगलो. ट्विन म्हणजे जुळं, जोडी, हे मला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगितलं असतं. शेवटी एक ई जास्त दिसत होता खरा. पण इंग्रजीत शेवटी ई असतोच उगाच, कामाचा ना धामाचा.

प्रत्येक हार्नेस ट्विनबरोबर दोन ठिकाणी बांधा. अर्थ कसा चपखल बसला! मी मार्कर उघडला आणि फळ्यावर टप्पोऱ्या अक्षरांत लिहिलं: प्रत्येक हार्नेस जोडीने बांधा. दोन ठिकाणी.

मावशी दुसऱ्या टोकाहून उठून फळ्यासमोर येऊन उभी राहिली. चौथी शिकलेली, मराठी सावकाश पण नीट वाचायची. वाचून झाल्यावर म्हणाली, "बाय, जोडीनं कशापायी? येकेक बांधल्यालं सुटसुटीत ऱ्हातं की. जोडीत बांधलं तर गाठीचं शेपूट मदी आडकल."

"मावशी, कागदात तसंच आहे."

"नीट वाचलं ना?"

असं कोणी विचारलं की माझ्या डोक्यात तिडीक जाते. "मावशी, ते इंग्रजीत आहे," मी म्हटलं.

"इंग्रजीत हाय म्हंजी मंग झालंच," म्हणून ती आपल्या जागेवर गेली. दोन आठवडे आठही जणींनी हार्नेस जोडीजोडीने बांधले. मोजायलाही सोपं, खोक्यात दहा जोड्या. मी तर मनातल्या मनात गाडीवाल्यांच्या डोक्याला दाद देत होते.

दोन आठवड्यांनी तक्रार आली. क्वालिटीच्या इंजिनिअरने मला आणि मावशीला काचेच्या केबिनमध्ये बोलावलं. ठेकेदाराचा सुपरवायझर आधीच येऊन बसला होता. इंजिनिअर पोरगा तसा वाईट नाही, पण आवाज चढवल्याशिवाय त्याला बोलता येत नाही. त्याने लॅपटॉप आमच्याकडे फिरवला. फोटोत वायरीच्या आवरणावर ब्लेडचा काप दिसत होता, आतली तांब्याची तार उघडी. बाजूला कापलेली दोरी, आणि त्या दोरीला शाबूत गाठ.

"ही गाठ कोणाची?" त्याने विचारलं.

मावशी फोटोवर वाकली आणि तिचा चेहरा फुलला. "माजीच की! झ्याक बसली हाय."

इंजिनिअर म्हणाला, "झ्याक बसली म्हणूनच तिकडच्या लोकांना सुटली नाही. ब्लेड मारावं लागलं. माल परत येतोय. आणि हे दोन-दोन एकत्र का बांधलेत? कागदावर सरळ लिहिलंय, ट्वाइनने बांधा. ट्वाइन म्हणजे सुती दोरी. जोडीने बांधा हे आणलं कुठून?"

ट्वाइन. तो शब्द त्याच्या तोंडून ऐकला आणि मला सगळं लख्ख कळलं. त्या क्षणी मी तोंड उघडायला हवं होतं. मी मूग गिळून बसले.

सुपरवायझर म्हणाला, "बाईने मनानेच केलं असणार. ही गावाकडची माणसं, ऐकतात कुठे. तिचं बघून बाकीच्यांनी केलं."

"मनानं न्हाई केलं," मावशी म्हणाली. "फळ्यावर तसंच लिवल्यालं हाय. बघा जावा."

इंजिनिअर माझ्याकडे वळला. "मॅडम, जरा फळ्याचा फोटो काढून आणता?"

मी उठले. केबिनपासून टेबलापर्यंत पन्नास-साठ पावलं असतील. चहाची सुट्टी होती, सगळ्या बायका कॅन्टीनला गेलेल्या, टेबलाशी चिटपाखरू नव्हतं. फळ्यावर माझंच अक्षर: जोडीने बांधा. मी हिरवी टोपी सारखी केली. टोपी जाईल, हे एवढंच डोक्यात होतं. सोळा वर्षांनी मिळालेलं नाव जाईल, ज्या बायका मला ताई-ताई करतात त्या हसतील, आणि तो पोरगा आयुष्यभर ट्विन मॅडम म्हणून चिडवेल. मी डस्टर उचललं आणि फळा पुसला. स्वच्छ, चारी कोपरे. मग कोऱ्या फळ्याचा फोटो काढला, केबिनमध्ये नेला आणि म्हटलं, "फळ्यावर तसं काही नाही, सर."

बघा, वाक्य खोटं नव्हतं. फळ्यावर तसं काही नव्हतंच. असलं खरं बोलण्यापेक्षा खोटं बोलणं परवडलं.

मावशीने फोटोकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं आता ही तोंडाचा पट्टा सोडणार. ती काही बोलली नाही. सुपरवायझर म्हणाला, "उद्यापासून येऊ नका. साहेब काय म्हणतात बघून कळवतो." तिने गळ्यातला गेटपास काढून टेबलावर ठेवला, पदर खांद्यावर घेतला आणि गेली. डबा तिच्या जागेवर तसाच राहिला होता, तो नंतर दुसऱ्या बाईने तिच्या घरी पोचवला.

पुढचे दोन दिवस कसे गेले विचारू नका. टेबलाच्या त्या टोकाला कोणीच उभं नव्हतं. बाकीच्या सात जणींनी फळ्यावर काय लिहिलं होतं ते रोज वाचलेलं. त्या माझ्याशी कामापुरतं बोलत होत्या. कोणी एका शब्दाने विचारलं नाही, आणि तेच जास्त टोचत होतं. मी उगाचच दोघींवर खेकसले. घरी भाकरी करपवली. नवऱ्याने विचारलं काय झालं, तर त्याच्यावरही खेकसले. तो बिचारा बाहेर चक्कर मारायला गेला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कंपनीच्या बसमध्ये खिडकीशी बसले होते. चाकणच्या चौकात नेहमीसारखी कोंडी, पुढचा ट्रक ढिम्म हलेना. खिडकीसमोर एक दुकान, वर लाल अक्षरांत पाटी: वाइन शॉप. हजार वेळा पाहिलेली पाटी. डब्ल्यू, आय, एन, ई. वाइन! मी बसल्या जागी कपाळावर हात मारला. अगं बये, पुढे फक्त एक टी लाव की! टी आणि वाइन, ट्वाइन. ज्या रस्त्यावर पावलापावलाला ही पाटी, तिथे सोळा वर्षं जाऊन-येऊन मला ट्वाइन वाचता येऊ नये? शेवटचा तो ई रिकामटेकडा नव्हता तर. त्यानेच आतल्या आयचा सूर बदलला होता. शेजारची बाई विचारते, काय झालं ताई? म्हटलं काही नाही, दारूचं दुकान बघितलं.

ट्रक हलेना म्हणून फोन काढला आणि ट्वाइन शोधला. अर्थ तोच, दोन किंवा जास्त पदर पिळून केलेली मजबूत दोरी. खाली शब्द कुठून आला ते दिलं होतं. सावकाश वाचलं. मग पुन्हा वाचलं. फार जुन्या इंग्रजीतला शब्द, मूळ अर्थ दुपदरी धागा, आणि तो आलाय दोन या शब्दाच्याच मुळातून. आणि ट्विन? तोही त्याच मुळातला! ट्विस्ट म्हणजे पीळ, तोही त्याच घरातला. बिट्वीन म्हणजे दोघांच्या मधे, त्याच्याही पोटात तेच दोन बसलेले. आपल्याकडे सुतावरून सुतळी झाली, म्हणजे दोरी कशाची आहे ते आपण नावात सांगितलं. इंग्रजांनी पदर किती ते सांगितलं.

माझा आनंद काय सांगू! मला वाटलं, सुटले. मी ट्वाइनला ट्विन वाचलं तर काय आभाळ कोसळलं? सख्ख्या भावाला भावाच्या नावाने हाक मारली, एवढंच. आता त्या पोराला असा धडा देते की बस. घरी पोचेपर्यंत मी मनातल्या मनात केबिनमधलं सगळं भाषण तयार केलं. गंमत म्हणजे त्या भाषणात पुसलेला फळा कुठेच नव्हता.

तिसरा दिवस सुट्टीचा. सकाळी पाव किलो पेढे घेतले आणि मावशीच्या गावी गेले. जुन्या आळीत दोन खोल्यांचं तिचं घर, समोर पत्र्याची पडवी. ती पडवीतच भाजी निवडत बसली होती. मला बघून म्हणाली, "या मॅडम." कधी नव्हे ते मॅडम. मी पेढ्यांचा पुडा पुढे केला. तिने तो घेतला आणि वरची दोरी सोडायला लागली, न तोडता, जशी ती नेहमी सोडायची.

मी सुरू झाले. "मावशी, मी शोधून काढलं. तो शब्द होता ट्वाइन. मी वाचलं ट्विन. पण दोघांचं मूळ एकच निघालं! ट्वाइनचा अर्थच दुपदरी दोरा. ट्विन म्हणजे जुळं. म्हणजे मी जे वाचलं ते तसं अगदीच चूक नव्हतं, कळलं का तुला? मी त्यांना सांगणार आहे हे."

मावशीने पुड्याची दोरी सोडवून मांडीवर घेतली. एक टोक दातात धरलं आणि दुसरं बोटांनी उलटं फिरवलं. दोरी उकलली, दोन बारीक पदर वेगळे झाले.

"ह्ये बघ. दोन पदर. येकाच पदराची सुतळी मी तर जन्मात पायली न्हाई. ह्ये सांगाया इंग्रज कशाला पायजे?"

"तेच तर म्हणतेय मी!"

"दोघांनी मिळून वळायची आसती दोरी. आमी सासू-सुना वळायचो. दोन टोकं दोघींच्या हातात. येकीनं हात सोडला की समदं उलगडून जातं." तिने ते पदर पुन्हा पिळून ताणून धरले आणि एक टोक सोडलं. दोरी तिच्या मांडीवर आपोआप फिरून सैल पडली. "तुजं इंग्रजी चुकलं, त्याचं मला काय बी न्हाई. चुकतं मानूस. पन फळा कुनी पुसला?"

एवढं भाषण पाठ केलेलं, एक शब्द आठवेना. पडवीत बसल्या बसल्या मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिला पहिल्या क्षणापासून माहीत होतं, केबिनमध्ये मी कोरा फोटो दाखवला तेव्हापासून. तरी ती बोलली नव्हती. मी बोलेन म्हणून तिने दोन दिवस वाट पाहिली होती.

"मी पुसला, मावशी," मी म्हटलं, आणि मला रडू फुटलं. मी सहसा रडत नाही. रडले तर आधी समोरच्याला दोन शब्द सुनावते आणि मग रडते. त्या दिवशी सुनावायला माझ्याशिवाय कोणी नव्हतं.

मावशीने रडू दिलं. मग म्हणाली, "मला नगं सांगू. मला ठावं हाय. त्या काचंच्या खोलीत सांग जा." आणि एक पेढा माझ्या हातावर ठेवला, एक स्वतःच्या तोंडात टाकला. "पेढा बाकी बरा हाय."

दुसऱ्या दिवशी मी शिफ्ट सुरू व्हायच्या आधीच केबिनच्या दारात उभी होते. प्लांटचे मोठे साहेब, इंजिनिअर आणि सुपरवायझर असे तिघे आत होते. मी बसले नाही. उभ्यानेच सांगितलं, "कागदावरचं ट्वाइन मी ट्विन वाचलं आणि जोडीने बांधा असं फळ्यावर लिहिलं. मावशीने तेव्हाच विचारलं होतं, मी ऐकलं नाही. आणि तुम्ही फोटो आणायला पाठवलं तेव्हा फळा मीच पुसला. तिची गाठ एका ओढीने सुटते. जोडीत बांधल्यामुळे शेपूट मधे अडकलं, म्हणून तिकडे ब्लेड लागलं. यातलं काहीही तिचं नाही."

सुपरवायझर चुळबुळला. इंजिनिअर म्हणाला, "मॅडम, ट्विन आणि ट्वाइनमधला फरक कळत नाही तुम्हाला?"

आता इथे मी गप्प बसणं शक्यच नव्हतं. माणूस लाजला म्हणजे त्याचा स्वभाव बदलत नाही. "कळत नव्हता," मी म्हटलं. "आता तुमच्यापेक्षा जास्त कळतो. सांगू?" आणि सांगितलं. दुपदरी धागा, ट्विस्ट, बिट्वीन, सगळं. त्याच्या भुवया वर गेल्या. शेवटी तो म्हणाला, "हे मलाही माहीत नव्हतं." एवढं कबूल केलं पोराने, त्याला मी मानलं.

मोठे साहेब शांतपणे ऐकत होते. "शब्दाचं असू द्या," ते म्हणाले. "वाचण्यात माझीही चूक होते. फळा का पुसलात?"

"भीतीने, साहेब. टोपी जाईल म्हणून."

त्यांनी हात पुढे केला. मी डोक्यावरची हिरवी टोपी काढून त्यांच्या हातात दिली. मेमो मिळाला, आणि तीन महिने टेबलावर उभं राहून पॅकिंग करायचं ठरलं. वाईट वाटलं का? वाटलं, चांगलंच वाटलं. पण दोन दिवस छातीवर जो धोंडा होता तो उतरला, आणि त्या रात्री मी ढाराढूर झोपले.

मावशी दुसऱ्या दिवशी हजर. सुपरवायझरने स्वतः गेटपास तिच्या हातात दिला. तिने तो गळ्यात घातला आणि त्याला म्हणाली, "दादा, गावाकडची मानसं आयकत्यात बरं का. कुनी नीट सांगितलं तर." तो कसनुसा हसला. मग ती आपल्या जागेवर आली. माझी नवी जागा तिच्या शेजारी होती, मला तिथेच उभं केलं होतं. तिने एक हार्नेस एकटा बांधला, शेपूट वर ठेवलं, आणि इंजिनिअरला बोलावून म्हणाली, वढा. त्याने ओढलं. फटकन सुटला. त्याने पुन्हा बांधायला लावला, पुन्हा ओढला, असं चार वेळा. मग फोटो काढून गाडीवाल्यांना पाठवला. आता त्यांचा जो इंग्रजी कागद येतो त्यात मावशीच्या गाठीचं चित्र छापलेलं असतं, बाजूला बाण, इथे ओढा. मावशी तो कागद कोणीही नवीन बाई आली की दाखवते. "ही माजी गाठ. इंग्रजीत गेली."

पण मला सांगायचंय ते वेगळंच. परत आली त्याच दिवशी, पहिल्या चहाच्या सुट्टीत, मावशी सुती दोरीचा हातभर तुकडा घेऊन फळ्यापाशी गेली. फळ्याशेजारी खिळा आहे. तिने डस्टर उचललं, दोरीने त्या खिळ्याला आवळून बांधलं, आणि दोन्ही शेपटं सारखी कापून टाकली. कुठलं ओढायचं ते दिसू नये अशी. येऊन कपबशी हातात घेतली आणि माझ्याशी लेकीच्या घरच्या गोष्टी बोलायला लागली, मधे काही घडलंच नसल्यासारखं.

तीन महिन्यांनी टोपी परत मिळाली. कागद मीच वाचते, फळ्यावर मीच लिहिते, आणि नवा शब्द आला की आधी इंजिनिअरला विचारते, मग स्वतः शोधते, मगच मार्कर उघडते. डस्टर मात्र अजून त्या खिळ्यालाच बांधलेलं आहे. एकदा टेबलाशी कोणी नसताना मी एक शेपूट ओढून बघितलं. गाठ आणखी आवळली. आता फळा पुसायचा झाला की मी टेबलाच्या दुसऱ्या टोकाला जाते आणि म्हणते, "मावशी, सोड."

ती आधी फळ्यावर काय लिहिलंय ते सगळं सावकाश वाचते, आणि मग सोडते.